क्रॉसबो नंतर घे, आधी मित्राचं हरीण सोलायला जा

पत्र थोडं आटोपशीर करून देतेय:

"ताई नमस्कार. मी मूळचा कराडचा, सध्या ओहायोत कोलंबसजवळ डब्लिनला असतो, एच-वन-बीवर. टीममधला एक सीनियर इथलाच, शेतकऱ्याचा मुलगा, दर वर्षी हरीण मारतो. त्याने दिलेलं मांस घरी केलं आणि खरं सांगतो, मटण विसरलो. यंदा तो म्हणतोय तूही चल, बंदुकीच्या भानगडीत पडू नको, सरळ क्रॉसबो घे, एका दुपारी शिकशील. हजार डॉलरपर्यंत बजेट आहे. कुठला घेऊ? व्हिसाचं काही लफडं होणार नाही ना? बायको चिकन-मटण सगळं खाते पण हरीण म्हटलं की 'त्याने तुझं काय घोडं मारलंय' म्हणते. आणि दिवाळी झाली की आई येतेय, ती माळकरी आहे. तिला काय सांगू?"

अरे, प्रश्न चार विचारलेस आणि क्रम बरोबर उलटा लावलास. कुठला क्रॉसबो (बंदुकीसारखा दस्ता आणि ट्रिगर असलेलं आडवं धनुष्य) हा त्यातला सगळ्यात सोपा प्रश्न, तो शेवटी येतो. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे घाईत असशील तर पुढचं नाही वाचलंस तरी चालेल. यंदाच्या सीझनला काही विकत घेऊ नकोस. मित्राबरोबर जा, त्याच्या शेजारी गप्प बस, त्याने मारलेलं हरीण अंधारात शोधायला मदत कर, ते साफ करताना कोपरापर्यंत हात घाल, आणि एवढं सगळं करून जानेवारीत पण तुला हवंसं वाटत असेल तर मग पुढच्या सप्टेंबरसाठी घे.

मित्र खोटं बोलत नाहीये हं. क्रॉसबो खरंच एका दुपारी येतो. दस्ता खांद्याला लावायचा, स्कोपमधून बघायचं, ट्रिगर दाबायचा, तीस यार्डांवरच्या बशीत बाण बसतो. साधं धनुष्य घेतलंस तर उन्हाळाभर रोज बाण मारावे लागतात, खांदे भरून येतात, निम्मे बाण गवतात हरवतात, आणि त्या सगळ्या वैतागात माणसाला आपली लायकी किती यार्डांची आहे ते आपोआप कळतं. क्रॉसबोमध्ये हा वैतागच नाही. शनिवारी घेतला, रविवारी नेम बसला, पुढच्या शनिवारी जंगलात. हात तयार असतो पण डोकं तयार नसतं, आणि माझ्या बघण्यात जी काही वाईट प्रकरणं झाली ती सगळी इथूनच सुरू झाली.

आता व्हिसा, कारण तिथे चूक परवडणारी नाही. अमेरिकेच्या फेडरल कायद्याने एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला बंदी आहे, अपवाद म्हणजे तुझ्याकडे राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर. क्रॉसबो या बंदूकवाल्या व्याख्येत बसत नाही, कारण तिथे बंदूक म्हणजे स्फोटाच्या जोरावर गोळी फेकणारी वस्तू, आणि क्रॉसबोत स्फोट नाही, ताणलेली दोरी आहे. म्हणून मित्र म्हणतो ते बरोबर, तुझ्यासारख्याला हाच रस्ता सरळ. पण लोक काय करतात, क्रॉसबो घेऊन जातात आणि मित्राच्या गॅरेजमध्ये त्याची शॉटगन हातात धरून फोटो काढतात, व्हॉट्सॅपला डीपी लावतात. लायसन्स नसताना असली हौस करू नकोस, नुसतं हातात धरणं पण बाळगण्यात धरलं जाऊ शकतं. आणि शिकारीचे नियम मोडून सायटेशन, म्हणजे नियम मोडल्याची सरकारी नोटीस, मिळालं तर ते किरकोळ समजू नकोस, ग्रीन कार्डच्या फॉर्मवर कधी अटक झाली का, सायटेशन मिळालं का असे प्रश्न असतात आणि तिथे हरणाची गोष्ट लिहीत बसावं लागेल. तुझ्या केसमध्ये काही गुंता असेल तर वकिलाला विचार, मी वकील नाही.

ओहायोचं म्हणशील तर तू नशीबवान आहेस, हे राज्य क्रॉसबोच्या बाबतीत फार आधीपासून उदार आहे. विस्कॉन्सिनमध्ये सरसकट सगळ्यांसाठी क्रॉसबो सीझन २०१४ला सुरू झाला, ओरेगॉनमध्ये तर आजही क्रॉसबोने शिकार करता येत नाही, आणि इथे गेली काही वर्षं क्रॉसबोने मारलेली हरणं साध्या धनुष्याने मारलेल्यांपेक्षा जास्त भरतात. सहा महिने राज्यात राहिलास की तू रेसिडेंट, म्हणजे लायसन्स आणि त्यावर हरणाचं परमिट मिळून पन्नासेक डॉलरात काम होतं, बाहेरच्या राज्यातल्या माणसाला याच्या कितीतरी पट पडतं. हंटर एज्युकेशनचा कोर्स ऑनलाइन होतो, तो कर. कोर्स व्हायच्या आधी जायचंच असेल तर अप्रेंटिस लायसन्स मिळतं, त्यात लायसन्सवाला २१ वर्षांवरचा माणूस जवळ असावा लागतो. यंदा तू बाण मारणार नसलास तरी लायसन्स काढच, कारण ओहायोत दुसऱ्याला शिकारीत मदत करणं हीसुद्धा शिकारच धरतात.

बाकीचे नियम पटापट सांगते. आर्चरी, म्हणजे धनुष्यबाणाचा, सीझन सप्टेंबरच्या शेवटाला उघडतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच. शिंगवाला नर, म्हणजे बक, वर्षाला एकच, राज्यभर कुठेही मारलास तरी. डो, म्हणजे मादी, किती ते काउंटीवर, म्हणजे इथल्या जिल्ह्यावर, आहे. क्रॉसबोचं ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ताणायला लागणारा जोर, कमीत कमी ७५ पौंड पाहिजे, बाणाचं पातं कमीत कमी पाऊण इंच रुंद. हरीण मारलं की दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत गेम चेक करायचं, म्हणजे सरकारकडे नोंद करायची, फोनवरून होतं. खासगी जमिनीवर जायला मालकाची लेखी परवानगी लागते, लेखी म्हणजे लेखी, मित्राच्या काकांचं शेत असलं तरी. आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारपासून गन वीक, म्हणजे बंदुकीने शिकारीचा आठवडा, असतो तेव्हा क्रॉसबो घेऊन गेलास तरी भगवं, म्हणजे इथलं हंटर ऑरेंज, घालावंच लागतं. नियम दर वर्षी थोडे हलतात, त्या वर्षीची पुस्तिका उघडून बघ, माझ्यावर विसंबू नकोस.

आणि एक, हे सगळं इथेच. सुट्टीवर कराडला गेल्यावर पाटणच्या बाजूला कोणी 'चल रे, भेकर दाखवतो' म्हणालं तर हात जोड. तिकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली सरळ जेल आहे, आणि असायलाच पाहिजे.

आता बायकोचा प्रश्न. तो फार चांगला प्रश्न आहे आणि त्याला मित्राकडचं पाठ केलेलं उत्तर देऊ नकोस. तो तुला सांगेल की इथे हरणं जास्त झालीत, आपण मारली नाहीत तर गाड्यांखाली मरतील. खरं आहे ते. १९०४च्या सुमाराला ओहायोत एक व्हाइटटेल, म्हणजे हे इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण, उरलं नव्हतं, शेतीसाठी जंगल तोडलं आणि उरलेली सगळी खाऊन टाकली, मग बाहेरून आणून सोडली, जपली, आणि १९४३ला पहिला मोजका सीझन सुरू झाला. आज रस्त्यावर हरणाला धडकून वर्षाला वीस हजारांच्या आसपास अपघात होतात, नोव्हेंबरमध्ये सगळ्यात जास्त. लांडगे, कुगर गेले, त्यामुळे कळप आवरायला माणूसच उरलाय. पैशाचंही तसंच आहे, १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा जो कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला त्यात पुढे सत्तरच्या दशकात धनुष्यबाण आले, आज क्रॉसबोवर पण ११ टक्के जातात आणि तो पैसा राज्यांना वन्यजीवांसाठीच वापरावा लागतो.

पण बायकोने विचारलंय 'तू का?' कळप आवरण्यासाठी सरकारला तुझी एकट्याची गरज नाहीये. तू जाणार कारण तुला जायचंय, तुला ते मांस आवडलंय, आणि कुठेतरी आत वाटतंय की जे खातो ते एकदा स्वतःच्या हाताने करून बघावं. हे असं सरळ सांग ना तिला. तिला नाही पटलं तरी चालेल, निदान आकडे तोंडावर फेकलेस असं तिला वाटणार नाही. आणि तिने खायलाच पाहिजे असा हट्ट धरू नकोस.

तर मग क्रॉसबो, तू विचारलंस म्हणून. दुकानात गेलास की पहिली गोष्ट सांगतील ती स्पीड. ४०० फूट पर सेकंद, ४५०, त्याच्यावर पण आहेत. किंमत स्पीडबरोबर चढते. डब्लिनहून दोनेक तासांवर मोगाडोरला टेनपॉइंटवाल्यांचा कारखाना आहे, त्यांच्या वरच्या मॉडेलची किंमत बघितलीस तर तुझं बजेट हातभर लांब राहील. तुला त्यातलं काही नको. ३५०च्या आसपासचा, सहाशे-सातशे डॉलरचा पुरे, उरलेल्यातून चांगले बाण, अंतर मोजायचा रेंजफाइंडर आणि झाडावरून पडू नये म्हणून सेफ्टी हार्नेस घे. का ते सांगते, कारण स्पीडचा हिशोब लोक करतच नाहीत.

३० यार्ड म्हणजे ९० फूट. ३५०च्या वेगाने बाणाला तिथे पोचायला साधारण पाव सेकंद लागतो. पण दोरी सुटल्याचा आवाज १,१०० फूट पर सेकंदाने जातो, तो सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यात हरणाच्या कानात. म्हणजे बाण यायच्या आधी हरणाकडे जवळजवळ पाव सेकंदातला दोन-तृतीयांश वेळ आहे, आणि क्रॉसबो हे प्रकरण साध्या धनुष्यापेक्षा चांगलंच खटकन वाजतं. हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं, वीतभर तरी खाली जातं. तू फुप्फुसावर धरलेला बाण पाठीच्या वरच्या मांसात जातो, हरीण जखमी होऊन निघून जातं, आणि तू झाडावर बसून म्हणतोस अरे नेम तर बरोबर होता. ५० यार्डांवर हाच वेळ आणखी वाढतो. ४५०चा क्रॉसबो घेतलास तरी आवाजाला तो गाठू शकत नाही, फरक थोडा कमी होतो एवढंच. म्हणून माझा नियम ३० यार्ड, हरीण निवांत चरत असेल तर, आणि मान वर करून तुझ्याच दिशेला बघत असेल तर वीस यार्डांवर पण नाही. स्कोपला ६०-७०च्या रेघा आखलेल्या असतात, त्या टारगेटवर हौस भागवायला आहेत असं समज.

वापरण्यातल्या चार गोष्टी मात्र नीट ऐक, कारण इथे बोटं जातात, खरोखर जातात. पुढचा हात जिथे धरतो तिथे अंगठा रेलच्या, म्हणजे बाण ठेवायच्या पट्टीच्या, वर येता कामा नये, दोरी सुटते तेव्हा ती रेलवरून घासत जाते आणि मधे जे येईल ते कापत जाते. हल्लीच्या मॉडेलला खाली पंखासारखे गार्ड असतात तरी थंडीत जाड ग्लोव्ह घातले की अंगठा कुठे आहे ते कळत नाही. दुसरं, बाण न लावता कधीही सोडायचा नाही. ती सगळी ताकद बाणात जायच्या ऐवजी लिम्ब्जमध्ये, म्हणजे धनुष्याच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या पट्ट्यांमध्येच, राहते आणि ते फुटतात, दोरी तुटून तोंडावर येते. बाण नसताना दोरी सुटू न देणारी अँटी-ड्राय-फायरची खटकी असते बहुतेकांना, पण नॉक, म्हणजे बाणाचं दोरीला टेकणारं मागचं टोक, चुकीचा असेल तर बाण असूनही दोरी त्याच्यावरून उडी मारते, म्हणून कंपनीने जो नॉक सांगितलाय तोच, स्वस्तात मिळाले म्हणून दुसरे बाण आणायचे नाहीत. तिसरं, ताणायला दोरीचा कॉकिंग एड किंवा क्रँक वापर. १८० पौंड नुसत्या हाताने ओढलंस तर एकदा डावीकडे जास्त येईल एकदा उजवीकडे, आणि बाण पण तसाच एकदा डावीकडे एकदा उजवीकडे जाईल. दोरीने वजन निम्मं होतं आणि दोन्ही बाजू सारख्या येतात. चौथं, शिकार न मिळता संध्याकाळी खाली उतरताना ताणलेला क्रॉसबो घेऊन गाडीत बसायचं नाही. क्रँकने उलटा सोडता येत असेल तर तसा, नाहीतर एक जुना जाड बाण ठेव आणि मऊ जमिनीत किंवा टारगेटच्या पिशवीत मार.

प्रॅक्टिस अंगणातल्या टेबलावर ठेवून करू नकोस. जॅकेट घालून, बसून, थोडं वळून कर. आणि शेवटी ज्या ब्रॉडहेडने, म्हणजे धारदार पात्याने, शिकार करणार त्यानेच, कारण प्रॅक्टिसच्या टोकाचा बाण आणि पात्याचा बाण एकाच जागी जातीलच असं नाही. तंबूसारख्या ब्लाइंडमध्ये बसलास तर लिम्ब्ज बाहेरच्या बाजूला उघडतात हे लक्षात ठेव, खिडकीच्या काठीला आपटले की संपलं.

पहिली वर्षं ब्लाइंडमध्येच बस असं माझं म्हणणं आहे, झाडावर नको. शिकारीत माणसं जखमी होतात ती बाणाने कमी आणि ट्रीस्टँडवरून, म्हणजे झाडावरच्या मचाणावरून, पडून जास्त. चढायचंच झालं तर पूर्ण अंगाचा हार्नेस, जमिनीवर पाय आहेत तेव्हाच लाइफलाइनला, म्हणजे झाडाला बांधलेल्या दोरीला, अडकवायचा, वर पोचल्यावर नाही. क्रॉसबो हातात घेऊन चढायचं नाही, बाण काढलेला, न ताणलेला, दोरीने मागून वर ओढायचा. पंधरा फुटांवरून पडलेला माणूस मी बघितलाय, तो आता कंपनीत उभ्या डेस्कवर काम करतो कारण बसवत नाही.

आता ज्यासाठी मी तुला यंदा नुसतं जा म्हणतेय ते. बाण सुटल्यानंतरचं कोणी नीट दाखवत नाही. व्हिडिओत बाण लागतो, हरीण उडी मारतं, कट, मग हसरा फोटो. मधले तास गायब.

हरीण आडवं उभं असताना, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश उंचीवर बाण गेला तर दोन्ही फुप्फुसं किंवा हृदय मिळतं, आणि ते बहुतेक वेळा शंभरेक यार्डांच्या आत पडतं. हरीण तुझ्यापासून थोडं तिरकं, पाठमोरं असेल तरी चांगलं. समोरून छातीवर मारू नकोस. बाण लागला की जागेवरून हलायचं नाही, कुठल्या झाडाजवळून गेलं ते डोक्यात पक्कं करायचं. मग बाण शोधायचा, कारण सगळी माहिती बाणावर असते. गुलाबी फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस, अर्धा तास थांब आणि जा. गडद, काळपट लाल असेल तर यकृत, तीन-चार तास. आणि बाणाला हिरवट घाण लागलेली असेल, वास येत असेल, तर पोट फुटलंय, मग आठ-दहा तास थांबायचं, म्हणजे बऱ्याचदा रात्रभर.

आमच्या ओळखीतल्या एकाचं असं झालं, होकिंगच्या बाजूच्या डोंगरात. संध्याकाळी फोन आला, हेडलॅम्प घेऊन ये. ओकच्या पानांवर बाण पडला होता, मागच्या पिसांना हिरवट चिकट काहीतरी, नाकाजवळ नेला आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पुढे दहा-बारा पावलांवर रक्ताचा एक थेंब, तिळाएवढा, मग काही नाही. तो म्हणत होता जरा पुढे बघू, आणि मी म्हटलं पुढे गेलास तर ते उठेल आणि काउंटी ओलांडेल, चल घरी. बाणाच्या जागी झाडाला टॉयलेट पेपर बांधला आणि परत आलो. सकाळी पांढऱ्या कागदाच्या खुणा करत करत शोधलं, ओढ्याच्या तळाला पाण्याजवळ होतं, पोटाला लागलेलं जनावर पाण्याकडे जातं. मागची एक मांडी कोल्ह्यासारख्या कोयोट्यांनी खाल्ली होती. त्या माणसाने उरलेलं सगळं नीट कापून नेलं, आणि त्यानंतर तो वीस यार्डांच्या पलीकडे मारत नाही. हे तुझ्या वाट्याला येणार नाही असं समजू नकोस, चांगल्या चांगल्यांच्या वाट्याला येतं. ते बघितल्यावर तुला जायचंच नसेल तर तेही उत्तरच आहे, आणि तुझे हजार डॉलर वाचले.

बरं, हरीण मिळालं. आता ते गार करायचं, आणि लगेच. आपल्याकडे खाटकाने साफ करून दिलेलं बघायची सवय, इथे खाटीक तूच. हरीण पाठीवर, छातीच्या हाडाखाली छोटा छेद, मग दोन बोटं आत घालून कातडं वर उचलायचं आणि बोटांच्या मधून सुरी, धार वरच्या बाजूला, खालपर्यंत. धार खाली ठेवलीस तर पोतडी फुटेल आणि सगळ्या मांसाला वास. मग छाती आणि पोटामधला पडदा कडेने कापायचा, हात छातीत वर घालून श्वासनलिका चाचपून कापायची, आणि एकदा ओढलं की सगळं एकत्र बाहेर येतं. नोव्हेंबरच्या थंडीत त्यातून वाफ निघते आणि हात ऊब घेतात, हे सांगायला विचित्र वाटतं पण तसं होतं. ग्लोव्ह घाल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओहायोत दुपारी २५ डिग्री पण असतं, तेव्हा बर्फाच्या पिशव्या गाडीतच असायला पाहिजेत, फोटो नंतर काढ. घरी आल्यावर अंघोळ आणि काखा, मांड्या, कानामागे नीट तपासणं, गोचीड असते आणि तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो.

एक रोग आहे सीडब्ल्यूडी, हरणाचा मेंदू पोखरतो, शिजवून मरत नाही. ओहायोच्या जंगली हरणांत तो पहिल्यांदा २०२०च्या शेवटाला वायंडॉट काउंटीत सापडला, म्हणजे तुझ्या घराच्या उत्तरेला, तास-सव्वातासावर, आणि हार्डिन, मॅरियनचा भाग त्यासाठी वेगळा काढलाय. माणसाला झाल्याचं अजून एकही उदाहरण नाही, तरी त्या बाजूचं हरीण असेल तर डोक्याची तपासणी करून घे आणि रिपोर्ट येईपर्यंत फ्रीजरमध्ये ठेव, पॉझिटिव्ह आलं तर खायचं नाही. आणि कुठलंही असो, मेंदू आणि कण्याची हाडं रश्श्याला घेऊ नकोस, आपल्याला हाडाच्या रश्श्याची सवय म्हणून मुद्दाम सांगतेय. नळ्या घे.

मध्यम डोमधून बिनहाडाचं चाळीस पौंडांच्या आसपास मिळतं. पहिल्या वेळी प्रोसेसरकडे, म्हणजे हरीण कापून पाकिटं करून देणाऱ्याकडे, दे, पण थोडं मित्राबरोबर स्वतः काप. पाठीच्या दोन्ही बाजूच्या लांब पट्ट्या, बॅकस्ट्रॅप, त्या कुकरला लावल्यास तर मला परत पत्र लिहू नकोस. पांढरी पातळ कातडी सोलून काढ, जाड चकत्या, मीठ-मिरी, कडकडीत तव्यावर दोन दोन मिनिटं. इथली लोकं आतून गुलाबी खातात, घरात कोणी गरोदर असेल किंवा लहान मूल असेल तर पूर्ण शिजव. खांदा आणि नळ्या मात्र कुकरच्याच. कांदा-खोबऱ्याचं वाटण, तुमच्याकडचा तिखट मसाला, आणि तेल नेहमीपेक्षा सढळ, कारण या मांसाला स्वतःची चरबी नसते, आणि जी काही असते ती काढून टाकायची, ती गार झाली की टाळूला मेणासारखी चिकटते. बाकी सगळ्याचा खिमा.

आणि आई. वेळ कशी आलीय बघ, दिवाळी झाली की आई येणार आणि नोव्हेंबरच्या मध्याला इथे रट, म्हणजे हरणांचा माजाचा काळ, तेव्हाच तुझा मित्र रोज पहाटे तुला बोलावणार. तिच्यापासून लपवू नकोस, आयांना कळतंच, आणि कपड्यांचा वास लपत नाही. आल्या दिवशी नको, चार दिवस जाऊ देत, मग सांग की मी मित्राबरोबर जातो, स्वयंपाकघरात काही आणणार नाही. तिला पटवायला जाऊ नकोस. ती म्हणेल पाप आहे, तर म्हणू दे, तिचा हक्क आहे, आयुष्यभर माळ सांभाळलीय तिने. ती आहे तोपर्यंत गॅरेजमध्ये हरीण टांगणं, सिंकमध्ये मांस धुणं, तिच्या पोळ्यांच्या तव्यावर बॅकस्ट्रॅप असले प्रकार अजिबात नकोत. मित्राच्या शेतावरच साफ करा, प्रोसेसरकडून बंद पाकिटात आण, गॅरेजमधल्या वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेव, आणि एक कढई, एक सुरी, एक पाट वेगळा काढ. शिजवायचं असेल तर मित्राकडे जाऊन शिजव, त्यालाही कांदा-खोबरं कळू दे.

पाकिटांवर व्हेनिसन, म्हणजे हरणाचं मांस, आणि तारीख जाड पेनाने लिही. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, नेलंस तर पुढे चिठ्ठी लाव, बरेच जण मटण समजून घेतात आणि नंतर वाईट वाटून घेतात. कोणी म्हटलं दोन पौंड विकत दे, तर फुकट दे नाहीतर देऊ नकोस, शिकारीचं मांस विकणं इथे बेकायदा आहे.